एक नग मिळेल का?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

‘नग’ हा आपल्या बाजारातला रोजचा शब्द. वह्यांचे बारा नग, साबणाचे चार नग. सोनाराच्या पेढीवर तोच शब्द दागिन्याला लावतात. आणि गावात कुणी तऱ्हेवाईक माणूस असला की ‘हा एक नगच आहे’ असेही आपण म्हणतो. आज मला ज्यांच्याविषयी बोलायचे आहे, ती माणसे गावाच्या लेखी अशीच नग असतात. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून रात्री घरी रेडिओ जोडणारी, ॲम्प्लिफायर बनवणारी, टाकी भरली की वाजणारी घंटा तयार करणारी ही मंडळी. त्यांची आयुष्यभराची तक्रार एकच असते: दुकानात एक नग मिळत नाही.

होते काय, की सर्किट कागदावर तयार असते. वीस सुटे भाग लागणार, त्यातले एकोणीस डब्यात असतात. विसावा म्हणजे एखादा आयसी, किंमत पंधरा-वीस रुपये. मोठ्या पुरवठादाराला विचारले तर पहिला प्रश्न येतो, किती हजार हवेत? दुसरा, फर्मचे नाव काय? तिसरा, जीएसटी नंबर? तिन्ही प्रश्नांना याच्याकडे एकच उत्तर असते, की घरी वापरायला एक पाहिजे. तिथे बोलणे संपते.

ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण या एका नगामागे जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा आमच्या वर्ध्यापर्यंत येतो. मी काही इंजिनिअर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण लहानपणाचा बराच काळ मी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाच्या फळीवर बसून काढला आहे, तेवढ्या अधिकाराने बोलतो.

आपल्याकडे नभोवाणी आली ती हौशी लोकांचे बोट धरून. १९२०च्या दशकात कलकत्ता, मुंबई, मद्रास या शहरांत रेडिओ क्लब निघाले. घरी तयार केलेल्या यंत्रांवरून थोडा वेळ गाणी-भाषणे ऐकवायची, असा तो प्रकार. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले १९३६ साली, म्हणजे पुष्कळ नंतर. पण सरकारला या हौसेचा संशय होताच. १९३३ साली बिनतारी यंत्रांविषयीचा कायदा झाला. परवान्यावाचून असे यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही त्यात गुन्हा ठरला. गंमत अशी, की विजेच्या इतर कामांतही चालणारे साधे सुटे भाग या व्याख्येच्या बाहेर होते. तार गुन्हेगार नव्हती, कंडेन्सर गुन्हेगार नव्हता. ते एका विशिष्ट रीतीने एकमेकांना डागले, की परवाना लागे. डाग देणारा हात हाच खरा संशयित!

१९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द झाले. यंत्रसामग्री सरकारजमा करण्याचे हुकूम निघाले. तीन वर्षांनी, १४ जुलै १९४२ रोजी, काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्याच्या बैठकीत इंग्रजांनी हा देश सोडावा असा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर महासमितीने त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे पुढारी गजाआड गेले. वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी भूमिगत नभोवाणी केंद्र चालवायचे ठरवले. ते ‘काँग्रेस रेडिओ’ या नावाने प्रसिद्ध आहे. ऑगस्टच्या अखेरीस ४२.३४ मीटरवर त्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

उषाबेन, बाबूभाई खाखर, राममनोहर लोहिया यांचे या संदर्भात स्मरण होते, ते योग्यच आहे. पण मला नेहमी दुसरा प्रश्न पडतो. यंत्र आले कुठून? परवाने रद्द, दुकानांवर नजर, आणि प्रक्षेपकाचे भाग मागणारा माणूस म्हणजे उघड राजद्रोही. मग सामान कोणी दिले?

ते जमवले नरिमन प्रिंटर नावाच्या एका जुन्या हौशी तंत्रज्ञाने, आणि मदत झाली ती मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’ या कंपनीची. नानक मोटवाने यांची ही कंपनी काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवीत असे. म्हणजे एक व्यापारी आणि एक हौशी, या दोघांच्या मेळातून ते केंद्र बोलू लागले. जागा बदलत बदलत ते चालले. सुरुवात चौपाटीजवळच्या ‘सी व्ह्यू’ इमारतीत, शेवट गिरगावच्या पारेख वाडीत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी तिथे पोलिसांनी दार फोडले. पोलिसांना तिथवर नेले तेही प्रिंटर यांनीच. आधी ते स्वतः पकडले गेले होते. मोटवाने यांच्यावर खटला झाला, ते सुटले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

या गोष्टीत विश्वासघातावर बोट ठेवण्याची आपल्याला घाई असते. मला त्यातला व्यापारी महत्त्वाचा वाटतो. गिऱ्हाईक कशासाठी मागतो आहे हे ठाऊक असताना, आणि नफ्यापेक्षा जोखीम मोठी असताना, त्याने माल दिला. जाता जाता एक योग सांगतो. गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात आयुष्यात एकदाच गेले, कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांशी बोलायला. ती तारीख होती १२ नोव्हेंबर १९४७. पारेख वाडीतल्या धाडीला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली होती.

युद्ध संपले तेव्हा हौशी लोकांच्या हाती अनपेक्षित घबाड लागले. फौजांचे जुने वायरलेस सेट, व्हॉल्व्ह, मीटर, ट्रान्सफॉर्मर ‘डिस्पोजल’ म्हणून वजनावारी निघाले. मुंबईत चोरबाजार, मद्रासला मूर मार्केट, दिल्लीला लाजपतराय मार्केट, असे अड्डे झाले. आपल्या देशातल्या हौशी बिनतारी मंडळींची एक अख्खी पिढी या भंगारावर शिकली. भंगारवाला ‘फर्म कोणती’ असे विचारत नाही. त्याच्या तराजूत एक नगही बसतो.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड मोठा झाला तो या काळात. मुंबईच्या एका गव्हर्नरचे नाव असलेला हा रस्ता, आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनातून उतरायचे, सिनेमाची थिएटरे ओलांडायची आणि बोळात शिरायचे. हाताच्या पंजाएवढी दुकाने, भिंतीला लहान लहान खणांची कपाटे, प्रत्येक खणावर चिठ्ठी. पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला तसाच बाजार, आणि आम्हा वर्धा जिल्ह्यातल्या लोकांसाठी नागपूरची सीताबर्डी. या बाजारांत ठोक आणि चिल्लर यांच्यामधली भिंत पातळ होती. दुकानदाराला वेळ असला आणि तुमचा चेहरा आवडला, तर दोन रेझिस्टन्सही कागदात बांधून मिळत.

पण बाजारात माल असला तर ना! स्वातंत्र्याच्या वर्षीच आयात-निर्यात नियंत्रणाचा कायदा झाला, आणि १९५७च्या सुमारास परकीय चलनाची चणचण झाल्यावर त्याचा फास आणखी आवळला. परदेशी भाग आणायचा तर परवाना हवा, आणि तो बहुतेक वेळा ‘ॲक्च्युअल युजर’ला, म्हणजे प्रत्यक्ष वापरणाऱ्याला मिळे. प्रत्यक्ष वापरणारा म्हणजे कोण? कारखाना. स्वतःच्या बोटांना चटके घेत डाग देणारा माणूस सरकारच्या दप्तरी प्रत्यक्ष वापरणारा नव्हताच. सरकारी भाषेतल्या अशा जागा मला कवितेइतक्याच भुरळ घालतात.

देशात काही बनत नव्हते असे मात्र नाही. १९५४ साली बंगलोरला भारत इलेक्ट्रॉनिक्स निघाली, आणि पुढे तिथे व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टरही होऊ लागले. १९६४ साली दिल्लीकडे कॉन्टिनेन्टल डिव्हाइस सुरू झाली. एसएल १०० आणि एसके १०० ही ट्रान्झिस्टरची जोडी जुन्या मंडळींना नातेवाइकांसारखी आठवत असेल. भारतीय मासिकांतल्या निम्म्या सर्किटांत ती असायची, कारण मिळण्याची खात्री तिचीच होती. मासिके म्हणजे १९६९ पासून दिल्लीहून निघणारे ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’, आणि १९८०च्या दशकात मुंबईहून निघालेली ‘एलेक्टर’ची भारतीय आवृत्ती. त्या दुसऱ्या मासिकाचा पत्ता प्रॉक्टर रोडचा होता, म्हणजे ऐन सुट्या भागांच्या बाजारातला. छापणाऱ्याला आणि विकणाऱ्याला एकमेकांची किती गरज असते, ते त्या पत्त्यावरून कळते.

वर्ध्यात राहून या सगळ्याचा विचार करताना एक जुनी गोष्ट आठवते. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी वाचण्यासारख्या आहेत. आठ तासांत सोळा हजार वार सूत निघावे, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी, यंत्र वीस वर्षे टिकावे, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. बक्षीस अखेर कुणालाच मिळाले नाही. पण दुरुस्तीची अट पाहा. यंत्र खेड्यात राहणार, मोडणार, तिथेच उघडले जाणार आणि तिथेच त्याचा भाग मिळाला पाहिजे, हे त्यात गृहीत धरले होते. पुढे मगनवाडीत ग्रामोद्योगांचे जे प्रयोग झाले, त्यांच्यामागेही हाच विचार होता. रेडिओ, टीव्ही, मोबाइल खेड्यात आले तेव्हा अशी अट कुणी घातली नाही.

आता त्या फळीची गोष्ट. हिंगणघाटला आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी एक रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. मालकाला सगळे उस्ताद म्हणत. १९८०च्या दशकाची सुरुवात. तेव्हा रेडिओला परवाना लागे. टपाल कचेरीत जाऊन वर्षाचे शुल्क भरायचे आणि पुस्तिकेवर तिकिटे लावून घ्यायची. पुढे त्याच दशकात ही पद्धत बंद झाली. उस्तादांकडे दुरुस्तीला सेट येत, पण त्यांचा जीव नवे जोडण्यात. ‘लोकल सेट’ म्हणून जो प्रकार तेव्हा खेड्यापाड्यांत खपत असे, तो असल्या दुकानांतूनच तयार व्हायचा. कपाट सुताराकडून, स्पीकर एकीकडून, गँग दुसरीकडून, कॉइल हाताने गुंडाळलेली. कंपनीच्या सेटच्या मानाने तो कितीतरी स्वस्त पडे, आणि बिघडला तर बनवणारा चौकातच बसलेला असे.

उस्तादांनी मला रेझिस्टन्सवरच्या रंगांच्या पट्ट्या वाचायला शिकवल्या. पिवळा चार, जांभळा सात, तांबडा म्हणजे पुढे दोन शून्ये. झाले चार हजार सातशे ओहम. गझलेच्या मात्रा मोजायला मी नंतर शिकलो, पट्ट्या मोजायला आधी. त्यांच्या दुकानात टाकाऊ काही नसे. मेलेला सेट म्हणजे खाण. त्यातला प्रत्येक भाग उपसून, मल्टिमीटरवर तपासून, पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यांत जात असे. मला वाटे हा कंजूषपणा आहे. तो कंजूषपणा नव्हता, पुरवठ्याची व्यवस्था होती. नागपूरला जाण्यात एक दिवस मोडे, गाडीभाडे लागे, आणि तेवढे करूनही भाग मिळेल याची हमी नसे.

दोन-तीन आठवड्यांची यादी जमली की ते कुणाला तरी नागपूरला पाठवत. कॉलेजच्या कामासाठी मी जात असे तेव्हा ते काम माझ्याकडे येई. एकदा एका मोठ्या ठोक दुकानात मी चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीवर एक आयसी होता, एक नग. काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठीकडे नव्हे, माझ्या चपलांकडे पाहिले आणि म्हणाला, ‘पंचवीसचे पाकीट आहे, घ्यायचे तर घे.’ पाकिटाची किंमत उस्तादांच्या आठवड्याच्या कमाईइतकी होती. मी परत आलो. तो आयसी एका शाळामास्तरांच्या सेटसाठी हवा होता. मास्तर नाटके लिहून आकाशवाणीला पाठवत आणि स्वीकारले गेलेले नाटक कोणत्या रात्री लागेल त्याची वाट पाहत. त्या वर्षी त्यांचे नाटक लागले, ते त्यांनी शेजाऱ्याच्या ओट्यावर उभे राहून ऐकले.

हे आपल्याकडेच होते असे समजण्याचे कारण नाही. तोक्योच्या अकिहाबारा भागात युद्धानंतर रस्त्याकडेला रेडिओच्या भागांची पाले पडली. जवळच विजेचे शिक्षण देणारी शाळा होती, तिचे विद्यार्थी हे भाग घेऊन रेडिओ जोडत आणि विकत. १९४९ साली अमेरिकन प्रशासनाने रस्ते मोकळे करायला सांगितले, तेव्हा हे दुकानदार रेल्वेच्या पुलाखाली गेले. पुढे जगभर गाजलेली विजेच्या वस्तूंची पेठ त्यातून उभी राहिली. इंग्लंडमध्ये १९७२ साली काही हौशी लोकांनी, आपल्याला थोडेथोडे भाग कुणी देत नाही या त्राग्यातून, टपालाने भाग पाठवण्याचा धंदा काढला. ‘मॅप्लिन’ हे त्याचे नाव. त्याची शेकडोंनी दुकाने झाली, आणि २०१८ साली ती सगळी बंदही झाली. अमेरिकेतल्या ‘रेडिओशॅक’ने २०१५ साली दिवाळखोरी जाहीर केली. एक नग विकण्यावर मोठा धंदा फार काळ टिकत नाही, हे मान्य केले पाहिजे.

पण एक नग विकल्याने काय होऊ शकते, त्याचे माझे आवडते उदाहरण १९७५च्या सप्टेंबरातले आहे. सॅन फ्रान्सिस्कोला इलेक्ट्रॉनिक्सचे मोठे व्यापारी प्रदर्शन होते. ‘मॉस टेक्नॉलॉजी’ नावाच्या कंपनीने ६५०२ ही नवी चिप पंचवीस डॉलरला, कुणालाही, एक नगसुद्धा देऊ असे जाहीर केले. इंटेलच्या तशाच कामाच्या चिपची सुटी किंमत तेव्हा ३६० डॉलर सांगितली जात होती. प्रदर्शनाच्या नियमाप्रमाणे जागेवर विक्रीला बंदी होती. मग कंपनीने जवळच्या हॉटेलात खोली घेतली, काचेच्या बरणीत चिपा भरून ठेवल्या आणि आपल्याकडे गोळ्या-बिस्किटे विकतात तशा त्या विकल्या. चिप घेणाऱ्यांत स्टीव्ह वॉझ्निॲक नावाचा एक तरुण होता. दुसऱ्या वर्षी त्याने तिच्यावर जो संगणक जोडला, तो ॲपलचा पहिला संगणक. ‘फर्म कोणती’ असे त्या खोलीत विचारले असते, तर त्याच्यापाशी काय उत्तर होते?

व्यापाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. मी कापूस बाजाराच्या गावात वाढलो, व्यापाऱ्याला शिव्या देणे सोपे असते हे जाणतो. दोन रुपयांचा रेझिस्टन्स विकायचा, तर माणसाने उठायचे, खण शोधायचा, मोजायचे, बिल करायचे, संगणकात नोंद करायची. हजार नगांना जेवढी मेहनत तेवढीच एकाला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, तेव्हापासून मोठे पुरवठादार नोंदणी असलेल्या गिऱ्हाइकाशीच व्यवहार करणे सोयीचे मानतात. शिवाय आता भागांचे रूपच बदलले. पूर्वीच्या रेझिस्टन्सला दोन बाजूंना तारा असत, हातात धरता येई. आताचे तिळाएवढे, बिनतारांचे. ते कागदाच्या पट्टीत बसवून चाकावर गुंडाळलेले येतात, एका चाकावर पाच-पाच हजार. हे चाक माणसासाठी नाही, यंत्रासाठी आहे. यंत्र त्यातून एकेक उचलते आणि मिनिटाला कितीतरी बसवते. तिथे दोन नग मागणे म्हणजे गिरणीत जाऊन दोन वाती मागणे.

टंचाई आली की मात्र रांगेत शेवटी कोण उभा असतो, ते स्पष्ट दिसते. २०२० नंतर जगभर चिपांचा दुष्काळ पडला. मोटारींचे कारखाने थांबले, त्याच्या बातम्या आपण वाचल्या. ‘रास्पबेरी पाय’ या छोट्या संगणकाची बातमी मराठी पत्रांत फारशी आली नाही. २०१२ साली इंग्लंडात तो निघाला तो मुलांनी उघडून, जोडून, बिघडवून शिकावे म्हणून. २०२१-२२ मध्ये उत्पादन अपुरे पडू लागले, तेव्हा कंपनीने तो आधी कारखानदार गिऱ्हाइकांना द्यायचे ठरवले, कारण त्यांचे धंदे त्याच्यावर अवलंबून होते. हिशेब म्हणून ते बरोबर असेल. पण ज्या पोरांच्या नावाने वस्तू जन्माला आली, ती दोन वर्षे दुप्पट-तिप्पट भावाने काळ्या बाजारात तिला शोधत राहिली.

आपल्याकडे आज परिस्थिती बदलली आहे, हेही सांगितले पाहिजे. हौशी लोकांसाठी भाग विकणारी संकेतस्थळे गेल्या दहा-बारा वर्षांत निघाली. ती एक नगही देतात. तालुक्याच्या गावापर्यंत कुरिअर येतो. पण पंधरा रुपयांच्या आयसीला साठ-सत्तर रुपये पाठवणी पडते, म्हणून पोरे यादी साठवतात आणि चौघांची मागणी एकदम करतात. उस्तादांची चिठ्ठी आता फोनवर आली, इतकेच. जरा वेगळा भाग परदेशातून मागवायचा तर ओळखीची कागदपत्रे, कस्टम, शुल्क. आणि स्वस्तात मिळाला तर तो खरा असेल याची खात्री नाही. जुन्या चिपांवरचे नाव घासून दुसरे छापण्याचा उद्योग जगभर चालतो. दुकानदाराच्या डोळ्यांत पाहून ‘ओरिजिनल आहे ना, शेठ?’ असे विचारण्याची सोय संकेतस्थळावर नाही.

सरकारनेही लक्ष घातले आहे. २०१६ पासून शाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. एका शाळेला वीस लाखांपर्यंत मदत, अशा दहा हजार शाळा झाल्या आणि २०२५च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. चिपा देशातच बनाव्यात म्हणून २०२१ साली ७६ हजार कोटींची योजना मंजूर झाली. हे सगळे व्हावे. पण मी एका शाळेत बक्षीस वाटायला गेलो होतो, तिथे प्रयोगशाळेतले सामान कुलूपबंद कपाटात होते. एलईडी जळाला तर नोंदवहीत कारण लिहावे लागते, म्हणून सर पोरांच्या हाती तो देत नव्हते. त्यांचेही चुकत नव्हते. हिशेब त्यांनाच द्यायचा होता. परंतु शिकणाऱ्याच्या हातून चार-दोन भाग जळणारच. उस्ताद म्हणत, ज्याने ट्रान्झिस्टर जाळला नाही त्याला ट्रान्झिस्टर कळला नाही. भाग दुर्मीळ असला की जाळायची भीती वाटते, आणि भीतीने माणूस दुसऱ्याचे सर्किट जसेच्या तसे उतरवत राहतो. स्वतःचे काही करून पाहत नाही.

शेवटी देवळीकडच्या एका खेड्यातल्या तरुणाविषयी सांगतो. शिक्षण बारावी, घरी चार एकर, कपाशी आणि तूर. शेतीपंपाची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला विहिरीवर जाऊन मोटर चालू करायची म्हणजे अंधार, चिखल आणि साप. म्हणून शेतकरी ‘ऑटो स्विच’ लावतात. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. पण एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या, तर रोहित्रावर ताण येऊन ते जळते. मग आठ-आठ दिवस सगळेच अंधारात. महावितरणची या स्विचांबद्दलची तक्रार तीच आहे. या तरुणाने असा स्विच जोडला, की वीज आल्यावर तो ठरावीक वेळ थांबतो आणि मग मोटर सोडतो. प्रत्येक शेतकऱ्याची थांबण्याची वेळ वेगळी लावली, की मोटरी एकामागून एक सुरू होतात. तत्त्व जुनेच आहे, ५५५ नावाच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या आयसीचे. त्याने ते मोबाइलवर पाहून शिकून घेतले.

त्याची अडचण होती रिलेची. त्याला हवा तसा, जास्त करंट झेपणारा १२ व्होल्टचा रिले जवळ कुठे मिळेना. मिळाला तिथे दहाच्या खाली देत नव्हते. त्याने वडिलांकडे पैसे मागितले, वडिलांनी खताच्या पैशातून दिले. दहातला एक त्याने स्वतःच्या मोटरीला लावला, दोन शेजाऱ्यांच्या. उरलेले सात औषधाच्या रिकाम्या खोक्यात ठेवले होते. गेल्या हंगामात मी त्याच्याकडे गेलो तेव्हा खोक्यात दोनच उरले होते. आसपासच्या गावांतली स्विच दुरुस्त करणारी पोरे येऊन एकेक घेऊन गेली होती. तो खरेदीच्या भावात दोन रुपये मिळवून देतो. खोक्याशेजारी आता आणखी तीन खोकी होती, आणि त्यांच्यावर त्याच्या लहान बहिणीने स्केचपेनने नावे लिहिली होती: डायोड, ५५५, रेझिस्टन्स चिल्लर.